अकोटच्या दृष्टीने शिडाची नौका

किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडणारी लहान शिडाची नौका म्हणजे साधारणतः वीस ते तीस फूट लांबीची, एका डोलकाठीवर दोन शिडे वागवणारी, पोटात झोपण्यापुरती एक कोठडी असलेली आणि शक्यतो अंधार पडण्यापूर्वी एखाद्या खाडीत शिरून नांगर टाकणारी नौका, अशी तिची ढोबळ व्याख्या करता येते. या व्याख्येत वेगाचा उल्लेख नाही आणि तो हेतुपुरस्सर टाळलेला आहे. कारण अशी नौका चांगल्या वाऱ्यातही ताशी पाच-सहा सागरी मैल, म्हणजे सुमारे दहा किलोमीटर, एवढीच धावते, आणि तेवढ्यावर तिचा मालक दिवसभर प्रसन्न असतो. तिच्या विक्रीपत्रकात ती चौघांना झोपण्याजोगी असल्याचे नमूद असते. मात्र त्या चौघांपैकी दोघे अल्पवयीन असावेत, तिसऱ्याने गुडघे पोटाशी घ्यावेत आणि चौथा रात्रभर बाहेर सुकाणूवर असावा, या अटी पत्रकात अध्याहृत ठेवण्याची पद्धत आहे.

या वर्गातील एक सर्वमान्य उदाहरण म्हणून नॉर्डिक फोकबोटीचा निर्देश करतात. सामान्य माणसाला परवडेल अशी नौका हवी म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्कँडिनेव्हियात आराखड्यांची स्पर्धा घेण्यात आली. पन्नासहून अधिक आराखडे आले, परंतु परीक्षकांना त्यांपैकी एकही निर्विवादपणे पसंत पडला नाही, म्हणून उत्तम आराखड्यांतील गुण निवडून त्यांची एकच नौका रेखाटण्याचे काम टॉर्ड सुंडेन यांच्याकडे सोपवण्यात आले आणि १९४२ साली गोथेनबर्ग येथे पहिली फोकबोट पाण्यात उतरली. समितीला निर्विवादपणे पसंत न पडलेल्या गोष्टींतून तरंगणारी वस्तू निर्माण झाल्याचे हे दुर्मीळ उदाहरण असून सहकार खात्याने त्याचा अभ्यास करण्यास हरकत नाही. या नौकेची लांबी ७.६८ मीटर, शिडांचे क्षेत्रफळ २४ चौरस मीटर आणि वजन दोन टनांहून किंचित कमी असते. त्या वजनातील निम्म्याहून अधिक भाग तळाशी बसवलेल्या लोखंडाचा असतो. जी वस्तू एकटी पाण्यात टाकली असता तत्काळ बुडेल, तीच निम्म्याहून अधिक घातल्यामुळे नौका उलटत नाही, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्यास पटवून द्यावी लागते.

नौकेवरील आजवरचे बहुतेक लेखन समुद्राकाठच्या लोकांनी केलेले असल्यामुळे त्यात एक प्रकारचा एकांगीपणा आला आहे. अकोला जिल्ह्यातील अकोट हे तालुक्याचे गाव सर्वांत जवळच्या समुद्रापासून, म्हणजे खंबातच्या आखातापासून, सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटरांच्या आसपास असल्यामुळे तेथील मत या विषयात कोणी विचारलेले नाही. वास्तविक अकोटचे दावे इतके दुबळे नाहीत. सागराचेच म्हणाल तर शेजारच्या तेल्हारा तालुक्यात वान नदीवर बांधलेल्या धरणाच्या जलाशयाला हनुमान सागर असे नाव असून शासनदरबारी ते रूढ आहे. म्हणजे सागर मंजूर झालेला आहे, केवळ भरती-ओहोटीची तरतूद व्हायची आहे. खाऱ्या पाण्याच्या बाबतीत तर हा प्रदेश स्वयंपूर्णच म्हणावा लागतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा, म्हणजे जेथे भूगर्भातील पाणी क्षारयुक्त असल्यामुळे विहीर खोदणाऱ्याच्या आनंदाश्रूंचीच चव पाण्याला लाभते असा पट्टा, साडेचार लाख हेक्टरांहून अधिक आहे. कोकणात खारे पाणी जमिनीच्या वर आणि गोडे खाली असते, येथे ते उलट आहे, एवढाच काय तो तपशिलाचा फरक.

समुद्राकडे जाणारा जलमार्गही कागदोपत्री उपलब्ध आहे. सातपुड्यातून उतरणारे नदीनाले अकोटच्या आसपासची काळी जमीन ओलांडून दक्षिणेस पूर्णेला मिळतात, पूर्णा पश्चिमेस वाहत जाऊन चांगदेव येथे तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ समुद्रात विसर्जित होते. नकाशावर बोट ठेवून हा प्रवास अर्ध्या मिनिटात होतो. प्रत्यक्षात संगमाच्या खाली हतनूर धरण, पुढे उकाई धरण आणि त्यापुढे काकरापारचा बंधारा असे अडथळे आहेत. परंतु त्यांची चिंता करण्याची वेळ येण्यापूर्वी, उन्हाळ्यात पूर्णेच्या पात्रात नौका तरंगण्याइतके पाणी कोठून आणायचे, हा प्रश्न उपस्थित होतो, आणि पावसाळ्यात पाणी आल्यावर त्या पाण्याला नौका परत कशी मागायची, हा त्याहून कठीण प्रश्न उपस्थित होतो.

महाराष्ट्रात शिडाची खरी नांदणूक कोकणपट्टीत झाली. मचवा, पडाव, फत्तेमारी, गलबत अशा लहानमोठ्या जहाजांनी वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा किनारा पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवला होता आणि त्यांपैकी मचवा हा आकाराने आपल्या विषयाच्या सर्वांत जवळचा. त्याची डोलकाठी किंचित पुढे झुकलेली असे, तिच्यावर परबाण नावाचा लांब तिरपा वासा टांगलेला असे आणि त्या वाशाला त्रिकोणी शीड बांधलेले असे. युरोपीय धाटणीच्या लहान नौकेत मात्र उभ्या डोलकाठीच्या मागे एक मोठे शीड, ज्याची खालची कड एका आडव्या दांड्याला जखडलेली असते, आणि पुढे नाळेपर्यंत उतरणारे एक लहान शीड अशी विभागणी असते. हा आडवा दांडा दिशा बदलताना एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस वेगाने फिरतो, आणि त्याच क्षणी काहीतरी महत्त्वाचे सांगण्यासाठी उठून उभे राहण्याची बुद्धी पाहुण्यांना होते, असे या विषयातील जाणकार निरपवादपणे सांगतात. मचव्यावर हा धोका नव्हता. तेथे अख्खे परबाण डोलकाठीच्या पलीकडे न्यावे लागत असल्यामुळे तांडेलाच्या, म्हणजे नौकाप्रमुखाच्या, आरडाओरड्यानेच सर्वजण आधी सावध होत.

शीड वाऱ्याने ढकलले जाते, असा सार्वत्रिक समज आहे. वारा मागून येत असेल तर तो बरोबर आहे. परंतु वारा बाजूने किंवा तिरपा समोरून येत असेल, तेव्हा शिडाच्या फुगलेल्या आणि पोकळ अशा दोन बाजूंवरून जाणाऱ्या हवेच्या दाबात फरक पडतो, नौका कमी दाबाकडे ओढली जाते आणि पाण्याखालचा तळ तिला आडवे घसरू देत नाही, त्यामुळे ती पुढे सरकते. नेमक्या वाऱ्याच्या तोंडावर मात्र कोणतीही शिडाची नौका जाऊ शकत नाही. वाऱ्याच्या रोखापासून दोन्ही बाजूंस सुमारे पंचेचाळीस अंशांचा प्रदेश तिला निषिद्ध असतो. समोरच्या गावी जायचे आणि वारा त्याच गावाकडून येत असेल, तर आधी डावीकडे तिरपे, मग उजवीकडे तिरपे, पुन्हा डावीकडे, अशा नागमोडी वाटेने जावे लागते आणि दहा मैलांचे अंतर चौदा मैलांहून अधिक भरते. येथे कोणीही व्यवहारी वऱ्हाडी मनुष्य “मंग सरळ काहून नाही जात बाप्पा?” असे विचारील, आणि प्रश्न रास्त आहे. तथापि अकोटकरांना याचे उत्तर समजणे अवघड नाही. अकोटहून खंडव्याकडे जाणाऱ्या जुन्या मीटरगेज मार्गावर धुळघाटाजवळ तीव्र चढण टाळण्यासाठी रुळांचा असा वेढा घातलेला होता की गाडी स्वतःच्याच मार्गावरून ओलांडून पुढे जाई, आणि मार्ग रुंदीकरणासाठी बंद होईपर्यंत प्रवाशांनी त्याबद्दल रेल्वेला जाब विचारल्याचे ऐकिवात नाही. उलट मुलांना खिडकीशी बसवून तो दाखवला जाई.

शिडाच्या बाबतीत अकोटचा सर्वांत बळकट दावा कापसाचा आहे. या गावाची बाजारपेठ कापसावर उभी आहे. हंगामात बाजार समितीच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाड्या, जिनिंगमध्ये सरकीपासून वेगळी होणारी रुई, प्रेसमध्ये आवळल्या जाणाऱ्या गाठी आणि भावाची दिवसभर चालणारी चर्चा यांवर गावाचा श्वास चालतो, आणि रुईच्या तंतूंमुळे तो अधूनमधून अडतोही. रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई आणि तेथून नावांत भरून कलकत्त्याकडे उतरे. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडी कापसाला एकाएकी जे मोल आले त्याच्या आठवणींवर विदर्भातील काही वाडे अजून उभे आहेत. सुएझ कालवा १८६९ सालचा. तोपर्यंत मुंबईहून निघालेल्या गाठी केप ऑफ गुड होपला वळसा घालून, महिनोन्‌महिने शिडांच्या जहाजांतून, लिव्हरपुलास पोचत. ज्या मालाने वाऱ्यावर स्वार होऊन अर्धी पृथ्वी पालथी घातली, त्याच्या मूळ मालकाला मात्र अकोल्यापर्यंत जायचे तरी बैल मोकळे आहेत की नाहीत हे पाहावे लागे.

शिडे कापसाची असावीत की अळशीच्या धाग्याची, हा एकोणिसाव्या शतकात प्रतिष्ठेचा प्रश्न होता. इंग्रजांची शिडे अळशीच्या धाग्याची असत. ती वाऱ्यात ताणली जाऊन पोते झाल्यासारखी लोंबत, म्हणून शर्यतीत त्यांवर पाणी मारून ती आवळण्यासाठी माणसे लावत. २२ ऑगस्ट १८५१ रोजी आइल ऑफ वाइट बेटाभोवतीच्या शर्यतीत ‘अमेरिका’ नावाची नौका यंत्रावर घट्ट विणलेल्या कापसाच्या सपाट शिडांनिशी उतरली आणि तिने इंग्रजांच्या ताफ्याला मागे टाकले. त्यानंतर हौशी नौकांच्या जगात कापसाची शिडे प्रतिष्ठित झाली आणि शतकभर राहिली. या विजयाचे श्रेय वऱ्हाडने घेण्याचा मोह होतो, परंतु तो आवरला पाहिजे. वऱ्हाडच्या देशी कापसाचा धागा आखूड, आणि उत्तम शिडांसाठी इजिप्तचा लांब धागा वापरत. तथापि मुंबईच्या डोंगरी भागाच्या नावाने ओळखले जाणारे जाडेभरडे सुती कापड तंबूंसाठी, शिडांसाठी आणि खलाशांच्या विजारींसाठी वापरले जाई, म्हणजे एकाच ताग्यातून जहाज आणि जहाजावरचा मनुष्य या दोघांची अब्रू राखली जात असे.

कापसाच्या शिडाचे पालनपोषण हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. नवे शीड पहिल्याच दिवशी जोराच्या वाऱ्यात लावले तर ते कायमचे बेडौल होते, म्हणून त्याला मंद वाऱ्यात हळूहळू ताण देत वळण लावावे लागे. ओले शीड घडी करून ठेवले तर त्याला बुरशी लागे, म्हणून पाऊस थांबताच ते पुन्हा उभारून वाळवावे लागे. आणि वाळवताना वारा आला तर नांगरलेली नौका मालकाला न विचारता निघू पाहत असे. बुरशीवर उपाय म्हणून इंग्लंडमधील मच्छीमार आपली शिडे खैराच्या काताच्या द्रावणात बुडवत, त्यामुळे त्यांना तो प्रसिद्ध तांबूस-तपकिरी रंग येई. हा तोच कात, जो विड्यात घालतात. अकोट-अंजनगाव पट्ट्यातील पानमळे लक्षात घेता, एका बाजूने कापूस आणि दुसऱ्या बाजूने विडा असा या गावाच्या दिनक्रमातील निम्मा ऐवज उत्तर समुद्रात शिडाच्या रूपाने फडकत होता, आणि गावाला त्याची वार्ता नव्हती. तो तांबूस रंग पाहून इंग्रज चित्रकारांनी सूर्यास्ताची अनेक चित्रे काढली. अकोटच्या कोणत्याही जुन्या चौकातील भिंतीच्या कोपऱ्यावर त्याच द्रव्याने जे काम झालेले आहे, त्याकडे मात्र नगरपालिका वेगळ्या नजरेने पाहते.

कापसाच्या शिडाचा शेवट ज्याने केला, त्याची हकीकत कापूस उत्पादकाने कठोर मनाने वाचावी. १९४१ साली व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन इंग्रज रसायनतज्ज्ञांनी टेरिलीन या कृत्रिम धाग्याचा शोध लावला, आणि ते ज्या संस्थेच्या नोकरीत होते ती मँचेस्टरची कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन, म्हणजे सुती कापडावर छपाई करणाऱ्यांचीच संस्था होती. ज्या मँचेस्टरने वऱ्हाडच्या गाठी मागवल्या, त्याच मँचेस्टरच्या सुती पैशावर कापसाचा प्रतिस्पर्धी वाढला. १९५०च्या दशकापासून शिडे या पॉलिस्टर कापडाची होऊ लागली. ती कुजत नाहीत, पाणी पीत नाहीत, ताणून बेढब होत नाहीत आणि फारशी समजूत काढावी लागत नाही. पुढे याच धाग्याने टेरिकॉटचे रूप घेऊन वऱ्हाडातील लग्नाच्या आहेरात प्रवेश केला आणि कापूस पिकवणारा शेतकरी स्वतः टेरिकॉटचा सदरा घालून कापसाच्या भावासाठी मोर्चाला जाऊ लागला. मचव्यांवरून तर शीडच उतरले. त्याची जागा डिझेलच्या इंजिनाने घेतली. भारतीय नौदलाच्या ‘म्हादेई’ या गोव्यात बांधलेल्या ५६ फुटी शिडाच्या नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा शिडाला महाराष्ट्रात पुन्हा थोडी बातमीयोग्यता आली. परंतु ५६ फूट आणि पृथ्वी ही दोन्ही मापे प्रस्तुत लेखाच्या मर्यादेबाहेरची आहेत. लहान नौकेचा अभिमान राखायचा तर १९६० सालच्या अटलांटिक शर्यतीकडे पाहावे, जिच्यात ब्लाँडी हॅसलर यांनी फेरफार केलेल्या एका फोकबोटीवर चिनी धाटणीचे, पट्ट्यांनी विभागलेले एकच शीड लावले आणि ते कोठडीच्या झरोक्यातून दोऱ्या ओढून चालवत ४८ दिवसांत दुसरा क्रमांक मिळवला. घराबाहेर न पडता काम उरकण्याची ही पद्धत वैशाखात अकोट परिसरातही सर्वमान्य आहे.

वैशाखाचा उल्लेख आला तो अस्थानी नाही, कारण नौकेचे सर्व गणित तापलेल्या जमिनीवर चालते. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून खारा वारा आत येतो. रात्री जमीन लवकर निवते आणि जमिनीकडून मतलई वारा बाहेर पडतो. पहाटे मतलईवर बाहेर जायचे आणि दुपारी खाऱ्यावर परतायचे, हे किनाऱ्यावरच्या शिडाचे रोजचे वेळापत्रक असे. हाच न्याय मोठ्या प्रमाणावर लावला की मोसमी पाऊस मिळतो, आणि त्या कामी अकोल्याचे ४५ अंशांपलीकडचे तापमान आपला वाटा प्रामाणिकपणे उचलते. परिणाम असा होतो की देशाचा मध्यभाग भाजून निघाल्यामुळे जो नैर्ऋत्येचा वारा उठतो, त्याने कोकणातील नौका ज्येष्ठात किनाऱ्यावर ओढून शाकाराव्या लागतात, आणि त्याच वाऱ्याची वाट पाहत अकोटचा शेतकरी धुऱ्यावर उभा असतो. खलाशाची सक्तीची सुटी आणि शेतकऱ्याची पेरणी एकाच हुकमाने सुरू होते. श्रावणातील पौर्णिमेला कोळी नारळ वाहून समुद्र पुन्हा खुला झाल्याचे मानतात; त्यानंतर पंधरा दिवसांनी, अमावास्येला, वऱ्हाडात पोळा भरतो, तोवर कपाशीची डवरणी झालेली असते आणि बैलांच्या शिंगांना बेगड चढते. या दोन सणांच्या मधल्या पंधरवड्यात पाऊस कोणाच्या बाजूचा, याबद्दल दोन्ही पक्षांत मतभेद असतात.

नौकेच्या अंतर्भागाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. शेगडी दोन बाजूंच्या खिळ्यांवर अशी टांगलेली असते की नौका कलली तरी ती सपाट राहावी; त्यामुळे पिठले सांडत नाही, पिठले ढवळणारा मात्र सांडतो. ठेचा या प्रवासासाठी आदर्श ठरावा, कारण तो टिकतो, जागा अडवत नाही आणि पोटात ढवळत असल्याची तक्रार करणाऱ्या पाहुण्याला त्याच्या तक्रारीसाठी नवे कारण पुरवतो. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे रोडगे मात्र लाकडी नौकेत करू नयेत.

शिडाचे अखेरचे वंशज अकोटच्या बाजारात सुखरूप आहेत, फक्त त्यांना ताडपत्री म्हणतात. जाड कापड, कडेने मारलेल्या पितळी कड्या आणि त्यांतून ओवलेली दोरी, हा सर्व सरंजाम शिडाचाच आहे. दिवाळीच्या आगेमागे अवकाळी पावसाचे ढग सातपुड्याच्या बाजूने आले की कापसाच्या गाड्यांवर ताडपत्र्या ओढल्या जातात, आणि पावसाआधीचा वारा त्यांत शिरला की खलाशी जी घाई शीड आखडताना करतो, ती सर्व पायऱ्यांसह पाहायला मिळते: एक जण दोरी धरतो, दुसरा ती का धरली म्हणून ओरडतो, आणि तांडेल कोण हे ठरेपर्यंत ताडपत्री निघून गेलेली असते. तिला सुकाणू नसल्यामुळे आणि खाली लोखंडाचा तळ नसल्यामुळे तिरपे जाण्याची कला तिला अवगत नसते. ती थेट वाऱ्याच्या दिशेने जाते आणि बहुधा शेजारच्या वावरात उतरते, तेही ज्या शेजाऱ्याशी धुऱ्यावरून दोन पिढ्या बोलणे बंद आहे त्याच्या. समुद्रावर अशा प्रसंगाची व्यवस्था लावलेली आहे. टकरी टाळण्यासाठी १९७२ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दोन शिडाच्या नौका समोरासमोर आल्या असता, जिच्या डाव्या बाजूवर वारा येत असेल तिने वाट द्यावी, आणि दोघींच्या एकाच बाजूवर येत असेल तर वाऱ्याच्या बाजूला असलेलीने दुसरीला सांभाळून घ्यावे, असे स्पष्ट ठरलेले आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये शेतांच्या हद्दी, हद्दीच्या खुणा आणि मोजणी यांविषयी विस्तृत कलमे असली, तरी वारा कोणाच्या डाव्या बाजूने येत होता हे पाहून निकाल देण्याचा अधिकार तहसीलदारांना दिलेला नाही.